हात न टेकता

गुडघ्याची पट्टी जाड बांधली तर पँटवरून दिसते, आणि पातळ बांधली तर गुडघा धरत नाही. सकाळी आठपासून वहिनी या पेचात सापडली होती. बॅडमिंटन हॉलच्या मागे खेळाडूंची कपडे बदलायची खोली होती, तिथं दादा बाकावर पाय लांब करून बसला होता आणि वहिनी त्याच्यासमोर फरशीवर. दोनदा बांधून झालं, दोनदा सोडून झालं. बाहेर संघटनेचे सभासद जमत होते आणि माइकवर कोणीतरी "एक, दोन, तीन" करत होतं.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"अहो, मला तरी खरं सांगा. मी काय सभासद आहे?"

"बसताना नाही दुखत. उठताना मध्यावर एक जागा आहे, तिथं जीव जातो. ती जागा गेली की मग काही नाही."

"लोक बघणार ते नेमकं मध्यावरच," वहिनी म्हणाली आणि तिसऱ्यांदा पट्टी उलगडायला लागली.

प्रश्न होता चटईवर बसून उठण्याचा. संघटनेत दर तीन वर्षांनी अध्यक्ष निवडायचा, आणि निवडून आलेल्यानं खुर्ची घेण्याआधी सगळ्यांदेखत जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि उठायचं. हात टेकायचा नाही, गुडघा टेकायचा नाही, दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. संधी एकच. नाही जमलं तर खुर्ची उपाध्यक्षाकडं, आणि त्यालाही हेच करून दाखवायचं. नियम मास्तरांचा, म्हणजे दादाच्या वडलांचा. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी अकरा व्यायामशाळावाल्यांना गोळा करून ही संघटना काढली. नफा कमवायचा नाही, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायची नाहीत, आणि ज्यांनी जन्मात अंग हलवलेलं नाही अशांना हलवायचं, एवढाच उद्योग. ज्याला स्वतःला जमिनीवरून उठता येत नाही त्यानं दुसऱ्याला उठवायच्या गप्पा मारू नयेत, असं मास्तर म्हणायचे, आणि म्हणून थांबले नाहीत, ते त्यांनी घटनेत छापून टाकलं. मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली. अकराचे दोनशे सभासद झाले. नियम होता तिथंच होता, आणि मास्तरांच्या मागून दादा त्या चटईवरून तीन वेळा सहज उठला होता.

यंदा त्याच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नव्हतं. उरली होती ती फक्त चटई. आणि दादाला ही खुर्ची हवी होती, कारण त्याच्याकडं आता दुसरं काही नव्हतं. त्याची जिम गेल्या वर्षी बंद पडली. जागेच्या मालकानं तिथं गाद्यांचं दुकान काढलं. जिथं लोक घाम गाळायचे तिथं आता गिऱ्हाइकं आडवी होऊन गादी मऊ आहे का बघतात. दादा त्या रस्त्यानं जायचं टाळतो. खिशातल्या कार्डावर एकच ओळ उरली होती, अध्यक्ष, आणि ती गेली तर तो छप्पन्न वर्षांचा, गुडघा दुखणारा एक माणूस होता.

खरं सांगायचं तर गेले चार महिने वहिनीचे फार सुखात गेले होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची अशी एक गोष्ट नव्हती जी आधी त्याच्या बहिणीला माहीत नव्हती. लग्नाला हो म्हणण्याआधीसुद्धा त्यानं बहिणीला विचारलं होतं, हे वहिनीला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं, आणि ते ती अजून विसरलेली नाही. घर कुठं घ्यायचं, जिमच्या भिंतींना रंग कोणता, सगळ्याला एकच उत्तर, "बारकीला विचारतो." पण हा गुडघा बारकीला माहीत नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक फिजिओथेरपिस्ट गाठला होता. आठवड्यातून दोनदा वहिनी स्वतः गाडी चालवत दादाला तिकडं न्यायची, आणि परत येताना दोघं कुठंतरी कॉफी प्यायची. नवऱ्याचा गुडघा दुखतो याचा आनंद कुठल्याही बायकोला होऊ नये. वहिनीला तो थोडा होत होता, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

"आता उठून बघा," ती म्हणाली.

दादा उठला. पट्टी पँटखाली दिसत नव्हती.

"वन्सं डावीकडं उभ्या राहणार ना? मग तोंड उजवीकडं ठेवा. तोंडावर लगेच दिसतं तुमच्या."

---

बारकी, संघटनेची उपाध्यक्ष, आता अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि दादापेक्षा दोन बोटं उंच, पण घरात एकदा पडलेलं नाव कोण बदलतो. हॉलच्या मधोमध, बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघांवर, ती हाताची घडी घालून उभी होती. सगळेच उभे होते. संघटनेच्या सभेत पहिला तास कोणी बसत नाही, हाही मास्तरांचाच नियम. अहवाल उभ्यानं वाचायचा, उभ्यानं ऐकायचा. व्यायामाची यंत्रं विकणारे तेवढे भिंतीला पाठ लावून उभे राहतात.

चिटणीस पोहण्याचा तलाव चालवायचे, म्हणून त्यांना सगळे तलाववाले म्हणत. ते अहवाल वाचत होते. "यंदा आपल्या संघटनेनं अकरा हजार चारशे नव्या लोकांना व्यायामाला लावलं. हे सगळं शक्य झालं ते आपले अध्यक्ष, आपले दादा, यांच्या मार्गदर्शनाखाली."

टाळ्या झाल्या. बारकीनंही वाजवल्या. तिच्या पोटात दुखलं, आणि ते दर वर्षी याच वाक्याला दुखायचं. अकरा हजारांतले सात हजार तिचे होते. शिवणाच्या कारखान्यात पाळी बदलायच्या आधीची वीस मिनिटं मागून घेतली ती तिनं. बसडेपोत सकाळी सहाला जाऊन ड्रायव्हरांच्या कंबरा सरळ केल्या त्या तिनं. ज्यांना जिमच्या आरशाची भीती वाटते अशा बायकांसाठी स्वतःच्या हॉलमधले आरसे उतरवून ठेवले तेही तिनंच. आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर दादा, दंड दाखवत. फोटो पण बारा वर्षांपूर्वीचा.

मास्तर तिला लहानपणी खांद्यावर बसवून बैठका मारायचे. दादाला ते कधी बसवत नसत, दादा जड होता. यावरून दादानं एकदा तिला जिन्यावरून ढकललं होतं. दोघंही अजून त्या गोष्टीवर हसतात, पण हसताना एकमेकांकडं बघत नाहीत.

गेल्या वर्षीच्या सभेत तिनं ठराव मांडला होता. चटईचा नियम काढून टाका. "माझ्याकडं चाकाच्या खुर्चीवरून येणारे लोक व्यायाम करतात. ते सभासद होऊ शकतात, मग अध्यक्ष का नाही?" निम्म्या सभेनं बाजूनं मत दिलं, निम्म्यांनी विरुद्ध. शेवटचं मत अध्यक्षाचं. दादा माइकवर म्हणाला, "बाबांच्या नियमाला मी हात लावू देणार नाही." त्या दिवशी तिला वाटलं, हे बाबांसाठी नाही, हे मला दाखवण्यासाठी आहे. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

आणि गुडघ्याचं म्हणाल तर तो तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखला होता. आईच्या घराचा जिना दादा एका कुशीवर वळून, आडवा उतरला. पंचवीस वर्षं लोकांच्या चाली बघून पोट भरणाऱ्या बाईला आणखी काय सांगावं लागतं. ती वाट बघत होती, तो विचारेल. आठ दिवस गेले, महिना गेला. मग एकदा दादाच्या गाडीत मागच्या सीटवर बर्फाची पिशवी दिसली, आणि त्यावर दुसऱ्याच कोणाच्या दवाखान्याचं नाव. बारकीनं ती पिशवी जागच्या जागी ठेवली आणि काही बोलली नाही. जगाला उठवायला मी चालते आणि सख्ख्या भावाला मी चालत नाही, हे तिला चार महिने डाचत होतं.

दादा आतून आला. ती त्याच्याजवळ गेली.

"दादा, अंग गरम केलंस का?"

"तू तुझं बघ."

"मी माझंच बघतेय. मी शेजारी उभी असणार आहे."

"मग उभी रहा," दादा म्हणाला. "बोलू नकोस."

---

आईला या सभांचा मनापासून तिटकारा होता आणि तिनं आजवर एकही चुकवली नव्हती. मास्तरांना दोन बायका, असं ती म्हणायची, एक मी आणि एक ही संघटना, आणि धाकटीचे लाड जास्त. सवतीच्या घरी कसं, आपण नसताना काय चाललंय ते बघायला तरी जावं लागतं. ती पहिल्या रांगेत उभी होती. तलाववाल्यांनी खुर्ची आणून दिली होती, तिनं त्यावर पिशवी ठेवली.

करडी चटई पसरली गेली. नियमाप्रमाणे उपाध्यक्ष साक्षीदार म्हणून डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. बारकी तिथं उभी राहिली. दादानं बूट काढले, चटईच्या मध्ये आला, हात छातीवर घेतले आणि खाली बसला. बसला छान. मांडी नीट पडली. लोक हसले, कोणीतरी म्हणालं, "दादा, आता झोपू नका."

आईची नजर लेकाच्या तोंडावर नव्हती, सुनेच्या तोंडावर होती. वहिनी दाराशी उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. ही बाई काहीतरी झाकतेय, हे आईला तिथल्या तिथं कळलं. झाकणाऱ्या बाईचं तोंड ती ओळखत होती.

दादा पुढं झुकला. भार पायांवर घेतला आणि उठायला लागला. आला, आला, मध्यावर आला आणि तिथं थांबला. उजवा पाय थरथरला. तोंड उजवीकडं वळलेलं होतं, पण कपाळावरची शीर आईला इतक्या लांबून दिसली. एक क्षण तो ना वर ना खाली असा राहिला.

आणि बारकीचे हात गेले.

एक हात त्याच्या कोपराखाली, एक पाठीशी. जिममध्ये कोणी वजन उचलताना डगमगला तर शेजारचा जसे हात लावतो, त्याला सपोर्ट म्हणतात, तसे. दादा उठला. दोन पायांवर सरळ उभा राहिला, आणि त्याच्या कोपराभोवती बहिणीची मूठ होती.

दोनशे माणसांपैकी ज्यानं ते बघितलं नाही असा एकही नव्हता.

"हात लागला," तलाववाले शेवटी म्हणाले. त्यांना ते म्हणायचं नव्हतं, पण चिटणीस तेच होते. "म्हणजे, नियमानं... आपण चहा घेऊ या. अर्ध्या तासानं पुढचं."

---

चटया आणि जाळ्या ठेवायच्या खोलीत दादा चटयांच्या ढिगावर बसला होता. पट्टी सोडली होती आणि गुडघा पावासारखा फुगला होता. वहिनीनं पाण्याच्या यंत्रातल्या गार पाण्याचा रुमाल त्यावर धरला होता. आई दाराला टेकून उभी होती. बारकी आत आली तशी वहिनीनं मान वर केली.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"वहिनी, तो पडत होता."

"उठत होते ते. मी बघत होते. उठलेच होते."

"तुम्ही दारात होतात. मी हातभरावर होते."

"हातभरावर होतात म्हणूनच साधलं. नऊ वर्षं हाताची घडी घालून त्या खुर्चीकडं बघताय, वन्सं. दिसत नाही का आम्हाला? आज बरोबर वेळेला घडी सुटली."

"मला खुर्ची हवी असती तर मी निवडणूक लढवली असती."

"लढवून हरला असतात. हे सोपं पडलं."

दोघींच्या मधे दादाचा गुडघा होता आणि रुमालातलं पाणी पोटरीवरून खाली चाललं होतं.

"आणि तुम्हाला काय माहीत यांना काय होतंय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला. "चार महिने मी करतेय यांचं. तुम्हाला पत्ता तरी होता का?"

"चार महिने मी बघतेय," बारकी म्हणाली. "जिना आडवा उतरतो. गाडीतून उतरताना दाराला धरतो. मंगळवार आणि शुक्रवार तुम्ही कुठं जाता ते पण माहीत आहे. बर्फाच्या पिशवीवर नाव होतं."

रुमाल वहिनीनं दादाच्या गुडघ्यावरून काढला, पिळला, आणि परत ठेवला. चार महिन्यांत तिच्या वाट्याला आलेलं एवढंसं काही होतं, तेही आधीच नणंदेचं निघालं. तिला बारकीचा इतका राग आजवर कधी आला नव्हता, खुर्चीमुळंसुद्धा नाही.

"मग बोलल्या का नाहीत?" तिनं हळूच विचारलं.

"त्यानं विचारलं नाही."

"पुरे," आई म्हणाली. "भांडायचंय त्या नियमाशी भांडा. ज्यानं केला त्याला शेवटची तीन वर्षं रोज सकाळी जमिनीवरून मी उठवत होते."

तिघंही तिच्याकडं बघायला लागली.

"आई, काय बोलतेस?" दादा म्हणाला. "बाबा शेवटपर्यंत अध्यक्ष होते."

"होते ना. शेवटच्या खेपेला चटई झालीच नाही, आठवतंय? ताप आला होता त्यांना. ताप मीच आणला होता. तलाववाल्यांना फोन करून सांगितलं, एकशे दोन आहे, सभेला येतील पण चटई नको. लोकांनी मास्तर म्हणून सोडून दिलं." आईनं वहिनीकडं बघितलं. "तुझं तोंड बघूनच मला आज कळलं. मी पण अशीच दारात उभी राहायचे."

"मग गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?" दादानं विचारलं. "मी माझं मत घातलं त्या नियमाला. सगळ्यांसमोर."

"माझा नवरा मी सगळ्यांसमोर उघडा पाडू? त्या बयेच्या सभेत?" आई म्हणाली. ती वहिनीला म्हणाली, "चल. चहा घेऊ. या दोघांना बसू दे."

वहिनीला जायचं नव्हतं. बहीणभावाला एका खोलीत सोडून दार लावायचं, हेच तर ती सत्तावीस वर्षं करत आली होती. दादानं मान हलवली तेव्हा ती गेली. दार मात्र तिनं पूर्ण लावलं नाही.

---

बारकी समोरच्या जाळ्यांच्या गठ्ठ्यावर बसली. बाहेर कप वाजत होते आणि बिनसाखरेच्या चहाला कोणीतरी नेहमीप्रमाणे नावं ठेवत होतं.

"माझ्याकडं का नाही आलास?" बारकीनं विचारलं.

"तू बरा केला असतास."

"मग?"

"मग गावभर झालं असतं, दादाला बारकीनं उठवलं. तू सांगितलं नसतंस. पण लोक आपणच म्हणाले असते. तुझ्याकडं जो येतो तो बरा होतो, आणि जाताना तुझं नाव घेत जातो. माझ्या जिममधून माणसं यायची बंद झाली ना, त्यातली किती तुझ्याकडं आली ते मी मोजलंय. सत्तेचाळीस."

"मी बोलावलं नव्हतं कोणाला."

"तेच तर. बोलावलं असतंस तर भांडता आलं असतं."

बारकी हसली नाही. दादानं रुमाल बाजूला ठेवला.

"मला एक सांग," तो म्हणाला. "मला स्वतःला कळत नाहीये. तिथं मध्यावर मला काहीच कळत नाही, नुसतं दुखतं. पण तुझा हात होता. सपोर्टला उभं राहिलं की हाताला कळतं, वजन वर चाललंय की खाली येतंय. आपल्याला दोघांना बाबांनीच शिकवलंय. वर चाललं असेल तर बोटं उघडी ठेवायची, हात नुसता बरोबर न्यायचा."

"हो."

"मी वर चाललो होतो की खाली?"

बारकीनं आपल्या हाताकडं बघितलं. मघापासून ती स्वतःला सांगत होती की हात आपोआप गेले. ते खरंच होतं. पंचवीस वर्षांची सवय, डगमगणारं माणूस दिसलं की हात विचारायला थांबत नाहीत. पण हात पोचल्यावर काय झालं ते ती कोणाला सांगणार नव्हती. कोपराखाली तळवा लागला तेव्हा आधी वजन आलं, आणि मग लगेच कमी व्हायला लागलं. तो ती दुखरी जागा ओलांडून गेला होता. तिला कळलं होतं. बोटं उघडून हात मागं घ्यायला अर्धा क्षण होता, आणि तेवढ्यात हात काढला असता तर निम्म्या हॉलनं शपथेवर सांगितलं असतं की लागलाच नाही. त्या अर्ध्या क्षणात तिला अहवालाचं मुखपृष्ठ आठवलं नव्हतं, काही आठवलं नव्हतं. तिनं फक्त मूठ आवळली.

"वर," ती म्हणाली.

दादानं मान हलवली.

"मग सोडलं का नाहीस?"

"नाही सोडलं."

दाराच्या फटीतून वहिनीच्या साडीची कड दिसत होती, ती थोडी हलली.

"बाहेर सांगशील?" दादानं विचारलं.

"सांगते," बारकी म्हणाली आणि उठली.

---

वहिनीनं सगळं ऐकलं होतं. चहा तिनं घेतलाच नव्हता. हॉलच्या दाराशी ती परत जाऊन उभी राहिली, हाताची घडी घालून, आणि बारकीनं माइक हातात घेतलेला बघितला. ही आता बोलणार नाही, असं तिला वाटलं. काहीतरी गोड फिरवून सांगेल आणि चटईवर बसेल.

"मला एक सांगायचंय," बारकी म्हणाली. "दादा पडत नव्हता. तो उठत होता. मी हात लावला नसता तरी उठला असता."

तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला.

"आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, हाताला कळतं. मला कळत होतं तो वर चाललाय. मी हात काढायला हवा होता. मी काढला नाही. मुद्दाम नाही काढला."

मग भिंतीला टेकलेल्या यंत्रवाल्यांपैकी एकानं टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. मागून कोणीतरी म्हणालं, "याला म्हणतात बहीण." बसडेपोतले ड्रायव्हर पाहुणे म्हणून कोपऱ्यात उभे होते, त्यांतला एक डोळे पुसत होता.

"नाही, ऐका," बारकी म्हणाली. "मी मोठेपणा करत नाहीये. खरं सांगतेय."

टाळ्या वाढल्या. तलाववाल्यांनी पुढं होऊन तिच्या हातातून माइक घेतला. "भावाची बाजू सावरायला स्वतःवर आळ घेणं, हे आपण आज डोळ्यांनी बघितलं. मास्तर असते तर... असो. सभेची हरकत नसेल तर मी म्हणतो, नियम बाजूला ठेवून दादांना पुन्हा एकदा संधी देऊ."

सगळे दाराकडं वळले. दादा वहिनीच्या शेजारी येऊन उभा होता, एका पायावर भार देऊन. गुडघा पँटमध्ये मावत नव्हता. बाहेर येताना त्यानं दोनदा भिंत धरली होती. आता वाकता आलं असतं तर तो वाकला असता, वहिनीला हे माहीत होतं. त्यानं चटईकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

आणि त्याबरोबर उरलंसुरलं संपलं. ज्याला शंका होती त्याचीही गेली. बघा, उठता येतच नाही बिचाऱ्याला, बहिणीनं किती झाकलं. शेजारची एक जिमवाली वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "नशीबवान आहात हो. अशी नणंद मिळायला पुण्य लागतं."

वहिनीनं तो खांदा हलवून हात खाली पाडला.

"त्यांना म्हणावं, खुर्ची घेऊ नका," ती दादाला म्हणाली. "खरं बोलल्यात ना, मग घेऊ नका म्हणावं."

"नाही घेतली तर काय म्हणतील लोक?" दादा म्हणाला. "आणखी थोर आहे म्हणतील." तो दमून भिंतीला टेकला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "घेऊ दे. चांगली होईल ती."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना. कुठं ठेवू ते कळत नाहीये."

तलाववाल्यांनी बारकीला दोन्ही खांद्यांना धरून चटईवर नेलं. ती नको नको म्हणत होती, आणि जितकं नको म्हणत होती तितके लोक खूश होत होते. शेवटी तिनं बूट काढले. साक्षीदार म्हणून कोणी उभं राहायचं यावर जरा कुजबुज झाली, मग आईच पुढं गेली आणि डाव्या बाजूला, हात मागं बांधून उभी राहिली.

बारकी बसली आणि उठली. मध्यावर ती क्षणभरसुद्धा थांबली नाही. छत उडून जाईल अशा टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत ती हॉलभर बघत होती, या बाजूला, त्या बाजूला, आपलं बोलणं ज्याला खरं वाटलं असं एखादं तरी तोंड शोधत. सगळी तोंडं प्रेमानं भरून आलेली होती. शेवटी तिची नजर दाराशी आली आणि वहिनीवर थांबली.

वहिनीनं हाताची घडी सोडली नाही. तिला शब्द न् शब्द पटला होता.